सिटीने मागितलं नाही म्हणून?

फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन होजे. कॅलिफोर्नियातल्या या पट्ट्यात कोणत्याही मराठी घरी गेलात की गप्पा हमखास मागच्या अंगणाकडे वळतात. तिथे सहाशे-सातशे चौरस फुटांचं छोटं घर उभं राहत असतं, किंवा त्याचं परमिट अडकलेलं असतं, किंवा काँट्रॅक्टर फोन उचलत नसतो. कागदोपत्री नाव एडीयू, म्हणजे एकाच प्लॉटवरचं दुसरं, दुय्यम घर. बांधायचं कारण बहुतेकांचं एकच: आई-बाबा. पुण्याहून किंवा नाशिकहून सहा महिन्यांसाठी येतात, त्यांना जिने नकोत, त्यांचं न्हाणीघर वेगळं हवं, सकाळी साडेपाचला चहा करताना कोणाची झोपमोड व्हायला नको.

या घरांसाठी तीन-चार लाख डॉलर सहज जातात. ओट्याच्या दगडावर चर्चा, नळांवर चर्चा, देवघराच्या दिशेवर तर दोन-दोन आठवडे चर्चा. छताकडे बोट दाखवून ‘इथे स्प्रिंकलर का नाहीत?’ असं विचारलं, की एका वाक्यात विषय संपतो: ‘सिटीने (म्हणजे इथल्या नगरपालिकेने) मागितलेच नाहीत.’

माझा आक्षेप या वाक्याला आहे.

वाक्य खरं आहे, हे आधी सांगतो. १ जानेवारी २०११ पासून कॅलिफोर्नियात एक किंवा दोन कुटुंबांसाठी नवं घर बांधलं, तर त्यात आग विझवणारे स्प्रिंकलर बसवणं बंधनकारक आहे. अमेरिकेत असा नियम राज्यभर लागू करणारी राज्यं हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीसुद्धा नाहीत. दुसरं ठळक नाव मेरीलँडचं. एडीयूला मात्र वेगळा कायदा आहे. २०१६ साली मंजूर झालेल्या एसबी १०६९ या विधेयकाने त्यात एक ओळ घातली: मुख्य घराला स्प्रिंकलर आवश्यक नसतील, तर त्याच प्लॉटवरच्या एडीयूला ते सक्तीचे करता येणार नाहीत. २०२२ च्या एसबी ८९७ ने आणखी एक पाऊल टाकलं. मागे एडीयू बांधला म्हणून पुढच्या जुन्या घरात स्प्रिंकलर बसवा, असंही सिटीला म्हणता येत नाही. आता ही सगळी कलमं राज्याच्या गव्हर्नमेंट कोडमध्ये ६६३१० च्या पुढे एकत्र आणली आहेत.

याचा जमिनीवर अर्थ काय होतो ते बघा. एकाच गल्लीत शेजारी-शेजारी दोन घरं. एक १९६२ चं, दुसरं पाडून २०१४ साली नव्याने बांधलेलं. दोघांच्या मागे यंदा तंतोतंत सारखा एडीयू उभा राहतोय. तेच लाकूड, तेच ड्रायवॉल, तोच सोफा. २०१४ च्या घरामागच्या एडीयूला स्प्रिंकलर लागतात, १९६२ च्या घरामागच्या एडीयूला लागत नाहीत. एडीयूत झोपणाऱ्या माणसाची सुरक्षा पुढच्या घराच्या वयावर ठरते. आणि आपल्या लोकांनी घेतलेली बरीचशी घरं पन्नास-साठ-सत्तरच्या दशकांतली आहेत. म्हणजे सवलत बहुतेकांच्या वाट्याला आपसूक येते.

विधिमंडळाने ही सवलत निष्काळजीपणे दिली, असं मी म्हणणार नाही. त्यामागचा इतिहास माहीत असला तर त्या ओळीचा राग येत नाही. २०१७ पूर्वी अनेक गावांना मागच्या अंगणात भाडेकरू नको होते आणि तोंडावर तसं म्हणता येत नव्हतं. मग अटी पुढे केल्या जायच्या. आणखी एक पार्किंगची जागा दाखवा. नवं पाण्याचं कनेक्शन घ्या, त्याची फी भरा. स्प्रिंकलर बसवा, त्यासाठी रस्त्यापासून नवी पाइपलाइन टाका. एकेक अट वेगळी पाहिली तर रास्त, पण सगळ्यांची बेरीज केली की माणूस नाद सोडून द्यायचा. परवानगीच्या खिडकीवरून परत आलेली माणसं मग गुपचूप गॅरेजमध्ये मोरी काढायची, एक्स्टेन्शन कॉर्डवर हीटर लावायची आणि कोणाला तरी राहायला द्यायची. तिथे ना स्मोक अलार्म, ना बाहेर पडण्याजोगी खिडकी, ना कोणी इन्स्पेक्टर फिरकलेला. अशा चोरट्या खोलीपेक्षा स्प्रिंकलर नसलेला पण परवानगी घेतलेला एडीयू कितीतरी बरा. राज्याने पार्किंग, फी, हद्दीपासूनचं अंतर आणि स्प्रिंकलर अशा सगळ्या अडसरांवर एकदम घाव घातला, आणि परवानग्या वर्षाला हजार-दीड हजारांवरून वीस हजारांच्या पुढे गेल्या. घरांच्या टंचाईने पिचलेल्या राज्यात हे मोठं काम झालं.

पण २०१६ सालचीच दुसरी गोष्ट आठवा. एसबी १०६९ वर राज्यपालांची सही झाली सप्टेंबर २०१६ मध्ये. २ डिसेंबर २०१६ च्या रात्री ओकलंडमधल्या ‘घोस्ट शिप’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोदामाला आग लागली आणि ३६ माणसं मेली. त्या गोदामात लोक बेकायदा राहत होते, कार्यक्रम करत होते, आणि तिथे स्प्रिंकलर नव्हते. गोदाम वेगळं, एडीयू वेगळा, दोन्ही एका तराजूत घालायचं नाही. तरी फ्रीमाँटहून तासाभराच्या आत पोहोचता येईल अशा जागेवर हे घडलं. स्वस्त निवारा आणि आग यांचा संबंध या पट्ट्याने, म्हणजे बे एरियाने, इतक्या जवळून पाहिला आहे, की ‘सवलत आहे ना’ एवढ्यावर समाधान मानणं मला पटत नाही. ती ओळ सिटीचे हात बांधते. मालकाचे बांधत नाही. स्प्रिंकलर बसवू नका, असं कायदा कुठेही म्हणत नाही.

आता आगीबद्दल. जुन्या काळी आग लागली तर बादल्या घेऊन धावायला वेळ मिळायचा, ही आपल्या मनातली कल्पना आता बाद झाली आहे. अमेरिकेतल्या यूएल संस्थेने दोन सारख्या खोल्या उभ्या करून पेटवल्या. एकीत जुन्या पद्धतीचं सामान, म्हणजे लाकूड, कापूस, लोकर. दुसरीत आजचं: फोमचा सोफा, सिंथेटिक गालिचा, दाबलेल्या भुशाचं फर्निचर. जुन्या खोलीला एकदम भडका व्हायला जवळपास अर्धा तास लागला. आजच्या खोलीत तो चार मिनिटांच्या आत झाला. भडका म्हणजे खोलीतली प्रत्येक वस्तू एकदम पेट घेते. त्यानंतर आत कोणी जगत नाही.

अग्निशमन दलाचं घड्याळ यासमोर ठेवा. अमेरिकेतल्या व्यावसायिक दलांसाठी जे मानक आहे, त्यात फोन घेऊन बंब रवाना करायला साधारण मिनिटभर, जवानांनी तयार होऊन निघायला ८० सेकंद आणि पहिला बंब दारात पोहोचायला प्रवासाची चार मिनिटं धरली आहेत. हे चांगल्या दलाचं उद्दिष्ट झालं. बेरीज सहा मिनिटांच्या वर जाते, आणि तीही कोणी लगेच फोन केला असेल तरच. त्यात एडीयू रस्त्याकडून दिसत नाही. जवानांना गेट उघडायचं, गाडी आणि कुंपण यांच्या मधल्या बोळातून पाइप ओढत मागे जायचं. फायर कोडला घराची प्रत्येक बाजू बंब उभा राहतो त्या रस्त्यापासून दीडशे फुटांच्या आत हवी असते. खोल प्लॉटच्या टोकाला हा हिशेब जमत नाही, आणि मग कोडच तोडगा सुचवतो: आत स्प्रिंकलर असतील तर अंतर वाढवून मिळू शकतं. काही मालकांनी स्प्रिंकलर बसवले ते या कारणाने. बसवायचं कारण काहीही असो, आत झोपणाऱ्याचा फायदा तोच.

आणि आत झोपणारं कोण? याच मुद्द्यावर मी या विषयाला हात घातला. ६५ च्या वरच्या माणसाला आगीत दगावण्याचा धोका एकूण लोकसंख्येच्या दुपटीहून जास्त आहे, असं अमेरिकेचं सरकारी अग्निशमन प्रशासन सांगतं. कारणं आपल्या घरात रोज दिसतात. बाबा रात्री कानातलं यंत्र काढून डबीत ठेवतात. नेहमीच्या स्मोक अलार्मचा आवाज साधारण तीन हजार हर्ट्‌झच्या वरचा, तीक्ष्ण असतो, आणि वयाबरोबर नेमके तेच उंच सूर ऐकू येणं आधी कमी होतं. आईचा गुडघा बदललेला. वॉकर पलंगाच्या त्या बाजूला. दोघं जागे होऊन, चष्मा शोधून, दाराशी यायला किती वेळ लागतो ते एकदा दिवसाढवळ्या मोजून बघा. मग वर लिहिलेली भडक्याची चार मिनिटं आठवा. त्यातलीही पहिली दोन-तीन तर झोपेत गेलेली असतात.

स्मोक अलार्मबद्दल आणखी एक. कायद्याने तो एडीयूमध्ये हवाच, तिथे सवलत नाही. पण आपल्या स्वयंपाकाचं काय करायचं? ठेच्यासाठी मिरच्या भाजायला घेतल्या, सुक्या मिरचीची फोडणी दिली की अलार्म कोकलतो. आई घाबरते, शेजाऱ्यांना त्रास होईल म्हणून ओशाळते. तिसऱ्या दिवशी मुलगा स्टुलावर चढून तो काढतो आणि ड्रॉवरमध्ये ठेवतो. ‘तू जायच्या आधी परत लावू.’ छतावर फक्त गोल पांढरी पाटी उरते. अशी पाटी मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिली आहे. सहाशे फुटांच्या घरात स्वयंपाकाचा ओटा आणि झोपायची खोली यांत अंतरच नसतं, त्यामुळे हे एडीयूमध्ये मोठ्या घरापेक्षा जास्त होतं.

स्प्रिंकलरला धुराशी देणंघेणं नाही. त्याच्या तोंडाशी काचेची एक बारीक कुपी असते, पेन्सिलीच्या शिशाहून जरा जाड, आत लाल द्रव. घरगुती स्प्रिंकलरमधली ही कुपी साधारण ६८ अंश सेल्सिअसला फुटते. ती फुटली की अडवलेलं पाणी सुटतं. बस, एवढंच यंत्र. वीज नाही, सेन्सर नाही, बॅटरी नाही, ॲप नाही. फोडणीच्या धुराने, उदबत्तीने, समईच्या ज्योतीने छताजवळची हवा ६८ अंशांवर जात नाही. सिनेमात एकाने काडी ओढली की अख्ख्या इमारतीत पाऊस पडतो, ते खोटं आहे. ज्या तोंडाखाली आग, तेवढंच तोंड उघडतं. बहुतेक घरगुती आगी एकाच तोंडाने काबूत येतात. ज्या घरांत ही यंत्रणा आहे तिथे आगीमागे मृत्यूचं प्रमाण ८० टक्क्यांहून जास्त घटतं, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संस्थेचे, एनएफपीएचे, अहवाल वर्षानुवर्षं सांगत आहेत.

‘पाण्याने नवीन फ्लोअरिंगची वाट लागेल,’ हा नेहमीचा प्रश्न. ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेल गावाने १९८५ साली नव्या घरांना स्प्रिंकलर सक्तीचे केले आणि पुढे पंधरा वर्षं नोंदी ठेवल्या. स्प्रिंकलरने आग आवरायला सरासरी सुमारे १,३०० लिटर पाणी लागलं. बंबाच्या पाइपांनी विझवलेल्या आगीला सुमारे ११,००० लिटर. फ्लोअरिंगची काळजी असेल तर हा हिशेब स्प्रिंकलरच्या बाजूने जातो.

मग अडतं कुठे? पैशांत, आणि पैसेही पाइपांवर जात नाहीत. घरगुती यंत्रणेसाठी एनएफपीएचं १३डी हे मानक आहे. त्यात लहान न्हाणीघर, कपाटं, पोटमाळा यांना सूट आहे. एडीयूएवढ्या घरात चार-सहा तोंडांत काम भागतं. प्रत्येक तोंडाला साधारण ५० लिटर प्रतिमिनिट, एका वेळी दोन तोंडं धरून १०० लिटर. दोन हजार चौरस फुटांच्या आतल्या एकमजली घराला सात मिनिटांचं पाणी पुरतं. म्हणजे सातशे लिटर. आपल्याकडे सोसायटीच्या गच्चीवरची साधी काळी टाकी याहून मोठी असते! पण जुन्या घरांना रस्त्यावरून येणारी लाइन आणि मीटर लहान असतो. मुख्य घर, एडीयू आणि स्प्रिंकलर असा भार त्यावर टाकला की गणित बसत नाही. मग पाणी कंपनी एक इंची मीटर घ्यायला सांगते, रस्ता खणायला सांगते, फी लावते, आणि काही हजारांत होणारं काम पाच आकडी होऊन बसतं. ‘चौरस फुटाला दीडेक डॉलर’ असा जो जुना आकडा सांगितला जातो, तो मोठ्या नव्या घरांचा आहे. छोट्या एडीयूला तो लागू पडत नाही, आणि तो सांगून कोणी मन वळवायला आलं तर माझाही विश्वास बसणार नाही.

माझी मागणी म्हणून सिटींकडे आणि पाणी कंपन्यांकडे आहे. सक्ती करता येत नाही ना, मग मदत करा. जो मालक स्वतःहून स्प्रिंकलर बसवतो, त्याच्याकडून मोठ्या मीटरची जादा फी घेऊ नका. मीटर वापरासाठी मोठा होत नाही, आग लागलीच तर सात मिनिटांसाठी मोठा होतो. तयार नकाशांचे जे एडीयू सिटी आपल्या यादीत ठेवते, त्यांत स्प्रिंकलरसकट एक पर्याय मंजूर करून ठेवा, म्हणजे आर्किटेक्टला वेगळी फी आणि मालकाला वेगळी फेरी पडणार नाही. याच राज्यात नव्या स्वतंत्र एडीयूच्या छपरावर सोलर पॅनल सहसा बंधनकारक आहेत. राज्य ऊर्जेसाठी मालकाला खर्च करायला लावतं आणि मालक तो करतात. छपराच्या वरच्या बाजूला जे जमलं, ते खालच्या बाजूला निदान मागणाऱ्याला तरी सोपं करून द्या.

राहता राहिलो आपण. एडीयूचं कोटेशन मागताना काँट्रॅक्टरला एक वेगळी ओळ लिहायला लावा: स्प्रिंकलरसह किती, स्प्रिंकलरशिवाय किती. त्याआधी पाणी कंपनीला विचारा, आपला मीटर किती इंची आणि रस्त्यावर दाब किती. दाब चांगला असेल तर नशीब. नसेल तर १३डी टाकी आणि छोटा पंप लावायची मुभा देतं, त्याचा खर्च मीटरच्या खर्चाशी ताडून बघा. नळाच्या थंड पाण्याच्या पाइपलाच तोंडं जोडायची पद्धतही या मानकात बसते. पाणी रोज खेळतं राहतं आणि वेगळी लाइन वाचते. हा सगळा निर्णय ड्रायवॉल लागायच्या आधी व्हायला हवा. भिंती उघड्या असताना जे काम दोन-तीन दिवसांचं असतं, तेच भिंती बंद झाल्यावर तोडफोडीचं होतं. आणि विमा कंपनीला सवलत विचारायला विसरू नका, काही कंपन्या देतात.

एक गैरसमज मात्र ठेवू नका. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसकडे जे वणवे पेटले, तसल्या बाहेरून येणाऱ्या आगीला घरातले स्प्रिंकलर पुरे पडत नाहीत. तिथे छप्पर, झरोक्यांच्या जाळ्या, भिंतीलगतची झुडपं यांचे नियम वेगळे आहेत आणि डोंगराकडेला राहणाऱ्यांनी ते आधी पाहावेत. इथे मी बोलतोय ते ओट्यावर, हीटरमध्ये, चार्जरला लावलेल्या बॅटरीत सुरू होणाऱ्या आगीबद्दल.

ज्यांचा एडीयू उभा राहून रंगही झालाय, त्यांच्या हातात अजून काही गोष्टी आहेत. मागच्या आणि पुढच्या घराचे अलार्म एकमेकांना जोडून घ्या, म्हणजे मागे वाजला की पुढे मुलगा जागा होईल. झोपायच्या खोलीत ५२० हर्ट्‌झचा, खालच्या सुराचा अलार्म लावा. वयस्कर माणसं त्याने जास्त लवकर जागी होतात, हे तपासून सिद्ध झालं आहे. स्वयंपाकासाठी बाहेर हवा फेकणारा जोरकस पंखा बसवा, मग मिरच्या भाजताना अलार्म काढायची वेळ येणार नाही. रात्री झोपायच्या खोलीचं दार बंद ठेवायला सांगा. मागच्या घराचा पत्ता रस्त्यावरून वाचता येईल असा मोठ्या आकड्यांत लावा आणि आई-बाबांच्या फोनमध्ये तो इंग्रजीत लिहून ठेवा. खिडकीची कडी आईला उघडता येते का, ते तिलाच उघडायला लावून बघा.